पलंगाच्या दोन बाजू : मास्टर बेडरूमच्या प्रकल्प नोंदी, जानेवारी ते जून २०२५

५ जानेवारी, रविवार

पुण्यातला आमचा फ्लॅट नऊ वर्षं जुना. बाहेरच्या खोलीवर दोनदा खर्च झाला, स्वयंपाकघरावर एकदा. मास्टर बेडरूम मात्र लॉजच्या खोलीसारखीच राहिली: मध्ये पलंग, उजवीकडे भिंतभर कपाट, डावीकडे खिडकी, आणि खिडकीपाशी लाल प्लास्टिकचं स्टूल. त्या स्टुलावर तांब्या-भांडं. नवऱ्याच्या बाजूला काहीच नाही, त्याचा मोबाईल उशीखाली आणि चष्मा जमिनीवर. एक चष्मा पायाखाली गेलाय, दुसरा थोडक्यात वाचला.

पाडव्यापर्यंत खोली नीट दिसायला हवी असं ठरलं. पलंगाच्या दोन्ही बाजूंना एकसारखी दोन साइड टेबलं घ्यायची, म्हणजे खोली भरलेली दिसेल, हा माझा विचार. ऑनलाइन शोधली. १६ इंच रुंद, १५ इंच खोल, १८ इंच उंच, एक ड्रॉवर, अक्रोडी रंग, जोडी ₹७,६००. फोटो सुंदर होता. मागवून टाकली. टेप काढली नाही, ही पहिली चूक.

११ जानेवारी, शनिवार

टेबलं आली. सुट्या भागांत होती, जोडायला दोघांना अडीच तास लागले. डावं टेबल बसलं. उजवं ठेवलं आणि कपाट उघडायला गेले, तर पल्ला चार बोटं उघडून अडकला. नवऱ्याचे शर्ट आत, आम्ही बाहेर.

आता टेप काढली. पलंगामागची भिंत १४४ इंच, म्हणजे बरोबर १२ फूट. त्यातले २४ इंच कपाटाने खाल्लेले. पलंग चौकटीसकट ७५ इंच. उरले ४५. त्यातले डावीकडे २७, उजवीकडे फक्त १८. कपाटाचा भिंतीलगतचा पल्लाही १८ इंचांचा. पलंग आणि कपाट यांच्यामधली सगळी जागा त्या पल्ल्याचीच होती. तिथे १६ इंचांचं टेबल बसणार कुठे?

दुसरी अडचण रात्री कळली. आमचा पेटीचा पलंग १६ इंच आणि वर ८ इंचांची गादी, म्हणजे झोपायची पातळी २४ इंचांवर. टेबल १८ इंचांवर. अंधारात पाण्यासाठी हात टाकला की तो आधी हवेत जातो, मग खाली, मग भांड्यावर आदळतो. भांडं कलंडलं. सकाळी बघते तर टेबलाच्या वरच्या फळीची कड फुगलेली. लाकडाच्या भुशाचा दाबलेला बोर्ड, वर कागदी थर. कडेच्या पट्टीला फट असली की पाणी आत जातं आणि बोर्ड बिस्किटासारखा फुगतो. फुगलेला भाग परत बसत नाही.

२२ जानेवारी, बुधवार

टेबलं परत गेली. न्यायला माणूस यायला अकरा दिवस लागले. तोवर दोन्ही खोकी हॉलमध्ये, सोफ्याला टेकलेली. फुगलेल्या कडेचा फोटो मीच पाठवला होता, त्यावरून वाद झाला. शेवटी ₹६,८५० परत मिळाले. ₹७५० बुडीत खाती.

सासूबाई आठवडाभर आल्या होत्या. त्यांनी खोलीत डोकावून विचारलं, “अगं, रात्री लागतं काय काय तुम्हाला? ते तरी लिहून काढ आधी.” लिहिलं. माझ्याकडे: तांब्या-भांडं, पुस्तक, चष्म्याचं घर, बाम, थायरॉईडच्या गोळ्या, केसांचा चिमटा, मोबाईल. नवऱ्याकडे: मोबाईल, चष्मा. संपलं. म्हणजे मला ड्रॉवर हवा आणि त्याला बशीएवढी जागा पुरे. जोडी मागवताना हे डोक्यातच आलं नव्हतं.

२६ जानेवारी, रविवार

आज दोन कामं. पहिलं पलंग सरकवणं. डावीकडे २७ आणि उजवीकडे १८ ही वाटणी मोडायची होती. पेटीतल्या गोधड्या, रजया, लग्नातल्या परातींचा संच आणि कुणाचं तरी हार्मोनियम बाहेर काढलं. रिकामा पलंगही हलेना. पायांखाली जुनी सतरंजी सरकवली तेव्हा हलला. तरी एका फरशीवर वीतभर ओरखडा पडलाच. सात इंच डावीकडे नेला. आता डावीकडे २०, उजवीकडे २५.

पलंग आता पंख्याच्या बरोबर खाली नाही. मला दोन दिवस खटकेल, मग दिसणार नाही.

दुसरं काम फुकटातलं. खोक्यांची टेबलं केली. किराण्याची, बुटांची, मिक्सरची खोकी एकावर एक रचून १८, २१, २४ आणि २७ इंच अशा उंच्या केल्या, वर पोळपाट ठेवला आणि एकेक उंची दीड-दोन रात्री वापरायची ठरवली.

२ फेब्रुवारी, रविवार

खोक्यांचा निकाल. १८ तर आधीच बाद. २१ ला भांडं दिसत नाही, चाचपडावं लागतं. २७ ला कूस बदलली की पोळपाटाची कड डोळ्यासमोर येते आणि दिव्याचा उजेड थेट डोळ्यांत. २४ ते २५ ला हात सरळ जातो. गादीच्या पातळीला किंवा बोटभर वर, एवढंच. आणि मोजायचं ते गादीसकट. मी आधी पलंगाचा काठच डोळ्यासमोर धरला होता आणि ८ इंचांनी फसले होते.

उजवीकडे ९ इंच रुंदीचं खोकं ठेवून बघितलं. पल्ल्याच्या बिजागऱ्या भिंतीपासून लांबच्या कडेला आहेत, म्हणून पल्ला भिंतीजवळ गोल फिरतो आणि त्याच्या वाटेबाहेर पलंगालगत एक छोटा कोपरा सुटतो. त्यात ९ रुंद आणि १० खोल एवढं मावतं. पाय असलेलं टेबल एवढ्या रुंदीत डुगडुगेल, तेव्हा भिंतीवरची फळीच.

मग जुन्या बाजारात. मंगळवार पेठेतला हा बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. लवकर गेलो, तरी बरं काही उरलं नव्हतं. दोन तासांनी एक लहान सागवानी कपाट दिसलं. खाली एक कप्पा, वर एक ड्रॉवर, १६ इंच रुंद, १५ खोल, साडेअठ्ठावीस उंच. जुन्या दवाखान्यातलं असावं, दाराच्या आत आकडा रंगवलेला. वर हिरव्या ऑइलपेंटचे तीन थर. विक्रेत्याने ₹३,५०० सांगितले. मी म्हटलं, “मामा, दार लागत नाहीये.” ते म्हणाले, “ताई, दार लागलं असतं तर पाच सांगितले असते.” ₹२,२०० ला तुटलं. टेंपोचे ₹४५०.

साग कसा ओळखला? ड्रॉवर उलटा केला, आतून रंग नव्हता. रेघा सोनेरी-तपकिरी, नखाने खरवडलं की तेलकट कातड्यासारखा वास. नुसत्या वजनावर जाऊ नका, बाभळही जड असते.

५ फेब्रुवारी, बुधवार

कपाट गॅलरीत ठेवलं होतं. सकाळी त्याच्याखाली पिठासारखा भुसा. कीड. नवरा म्हणाला, “पलंगाला लागेल, आत्ताच्या आत्ता फेकून दे.” मी एक दिवस मागून घेतला.

टॉर्च घेऊन बघितलं. सगळी भोकं मागच्या फळीत आणि ड्रॉवरच्या तळात, दोन्ही कुठल्यातरी हलक्या पांढऱ्या लाकडाची. सागाच्या गाभ्याला एकही भोक नाही. एका पायाला बाहेरच्या अंगाने फिकट पट्टा होता, तिथे चार-पाच. सागाचा गाभा किडे सहसा सोडून देतात, बाहेरचा पांढरा भाग मात्र खातात. खरेदीच्या वेळी मी पुढून आणि आतून बघितलं होतं, मागून नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

मागची फळी आणि ड्रॉवरचा तळ काढून सोसायटीबाहेर नेऊन जाळला. पायाच्या भोकांत इंजेक्शनच्या सिरिंजने किडीचं औषध सोडलं, तेच सगळीकडे ब्रशने दोन हात, आणि कपाट जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळून चिकटपट्टीने बंद करून तीन दिवस. हातमोजे घाला, तोंडावर फडकं बांधा आणि हे काम घराबाहेर करा. वास डोक्यात जातो. औषध आणि सिरिंज मिळून ₹३८०. मागे आणि तळाला ६ मिलिमीटरचा प्लाय, दुकानातला तुकडा, ₹३००. प्लायच्या पाठीला चार्जरची वायर जाईल असं भोक आधीच पाडून घेतलं.

१६ फेब्रुवारी, रविवार

सुतारकाका आले. रोज ₹१,२००. हिरवा रंग तासायला त्यांना अर्धा दिवस लागला, आणि त्याखालून जे लाकूड निघालं ते बघून नवऱ्याने फेकून देण्याचा विषय बंद केला.

आता पाय कापायचे. साडेअठ्ठावीसातून चार इंच काढले की साडेचोवीस. काकांनी प्रत्येक पायाला खालून चार इंचांवर खूण केली आणि कापले. कपाट उभं केलं तर डुगडुगतंय. करवत वाकडी गेली म्हणून आम्ही करवतीला दोष दिला. खरं कारण वेगळं होतं. जुने पाय मुळातच कमी-जास्त झिजलेले होते. प्रत्येकातून सारखंच कापलं तर फरक तसाच राहणार. बाजारात ते मातीवर उभं होतं म्हणून कळलं नव्हतं.

मग कपाट स्वयंपाकघराच्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर चढवलं. घरात खात्रीची सपाट जागा तेवढीच. आखूड पायाखाली पत्त्यांची पानं सारून ते स्थिर केलं. एका छोट्या ठोकळ्यावर पेन्सिल आडवी धरली आणि ठोकळा ओट्यावरून सरकवत चारही पायांभोवती रेघ ओढली. त्या रेघेवर कापलं. आता उंची सव्वाचोवीस, डुगडुग शून्य. पाव इंच गेला, जाऊ दे. खाली चार इंच मोकळे आहेत, केरसुणी जाते.

२३ फेब्रुवारी, रविवार

पॉलिश मी स्वतः केलं. १२० नंबरचा पॉलिश पेपर, मग २२०, मग ३२०. भोकं आणि खिळ्यांच्या खुणा सागाचाच बारीक भुसा गोंदात कालवून भरल्या. चपडा लाख स्पिरिटमध्ये आदल्या रात्री भिजवली, सकाळी फडक्यातून गाळली, आणि कापसाचा बोळा मलमलीत बांधून सात हात दिले. दर दोन हातांनंतर ३२० चा हलका पेपर. सगळं साहित्य ₹६४०. दोन संध्याकाळ आणि एक रविवार गेला. रंग मधासारखा आला. पहिल्यांदा वाटलं, खोली दिसणार.

२६ फेब्रुवारी, बुधवार, महाशिवरात्र

दिसली दोन दिवस. आज सकाळी तांब्या उचलला तर खाली पांढरं कडं. लाखेचं पॉलिश सुंदर असतं, पण पाणी थांबलं की ते पांढरं पडतं. देव्हाऱ्याला, चौकटीला ठीक. तांब्या ठेवायच्या जागेला नाही. सुतारकाका फोनवर म्हणाले, “वहिनी, मला विचारलं असतं तर.” त्यांनी आधी सांगितलं असतं तर, असं मी मनात म्हटलं.

स्पिरिटच्या ओल्या बोळ्याने कडं फिकं झालं, गेलं नाही. सुटी होतीच. वरची फळी १२० ने पार लाकडापर्यंत घासली आणि तिच्यावर पीयूचे, म्हणजे पॉलियुरेथेन पॉलिशचे, तीन हात दिले. लाखेच्या थरावर सरळ पीयू मारू नका, पुढे सालं निघायची भीती. बाकी कपाटाला लाखच ठेवली. रंगात किंचित फरक राहिला, तो मलाच दिसतो. ₹५२०.

१ मार्च, शनिवार

उजवीकडच्या फळीसाठी भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमध्ये. तिथे सागाचा हिशोब घनफुटावर चालतो आणि ९ बाय १० इंचांच्या फळीसाठी कुणी मान वर करून बघत नाही. चौथ्या वखारीत कटपीसचा ढीग होता. इंचभर जाडीची साडेतीन फूट लांब फळी ₹९०० ला मिळाली. प्लायवर सागाची विनीयर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, लावायचा सल्ला दोघांनी दिला होता, स्वस्तात झालं असतं. पण पलीकडे जुना घट्ट साग असताना इकडे विनीयर ठेवली तर दोन बाजू एकमेकींशी बोलणार नाहीत असं मला वाटलं.

९ मार्च, रविवार

काकांचा दुसरा दिवस. फळी सव्वाचोवीस इंचांवर लावली, कपाटाच्या माथ्याशी पाण्याची पातळी जुळवून. पाण्याने भरलेली पारदर्शक नळी पलंगामागून नेली; टेप खालून मोजली तर फरशीचा उतार मध्ये येतो.

मग भिंतभर कपाटाचा पल्ला उघडला. टक्. फळीचा बाहेरचा कोपरा लागला. मी मोजलं होतं ते कपाटाच्या चौकटीपासून, पण पल्ला चौकटीच्या पुढे पाऊण इंच येतो. काकांनी फळी काढली, कोपरा गोल कापला, कानशीने घासला. आता पल्ला कागद जाईल एवढ्या फटीने सुटतो. गोल कोपरा दिसायलाही बरा. तो मुद्दाम केलाय असं मी सगळ्यांना सांगणार आहे.

११ मार्च, मंगळवार

पहाटे साडेतीनला धाडकन आवाज. फळी एका बाजूने लोंबलेली, मोबाईल पलंगाखाली, चष्मा (तिसरा) वाचला.

भिंत हलक्या ब्लॉकची निघाली. एएसी ब्लॉक, म्हणजे आत हवेच्या असंख्य बारीक पोकळ्या. विटांच्या भिंतीला चालणारे नेहमीचे प्लास्टिकचे आखूड प्लग यात धरत नाहीत. फळीवर कुणी तळहात टेकला की भोक रुंद होत जातं. आमचा हात रोज रात्री तिथेच टेकतो. ड्रिल करताना लाल भुकटीऐवजी करडी-पांढरी, मऊ भुकटी येत होती. तेव्हाच समजायला हवं होतं. ब्रॅकेटचे ₹२८० वाया.

१६ मार्च, रविवार

उरलेल्या सागातून ९ इंच रुंद आणि २० इंच उंच पाठ केली आणि फळी तिच्यात खोबणीने बसवली. पाठ भिंतीला सहा ठिकाणी, १०० मिलिमीटर लांबीच्या नायलॉनच्या अँकरनी. ड्रिलचं ठोकणं बंद ठेवून नुसतं फिरवत भोक पाडलं, कारण ठोकलं की हा ब्लॉक चुरा होतो. अँकर ₹२४०. सुताराला परत बोलावलं नाही, नवऱ्याने केलं. नंतर त्याने फळीवर दहा किलोची तांदळाची पिशवी दोन दिवस ठेवली. हलली नाही. गोल कोपऱ्यासारखी हीही चूक अशी की जिने दिसण्यात भर घातली: भिंतीवरची उभी सागाची पट्टी पलीकडच्या कपाटाला तोलून धरते.

२३ मार्च, रविवार

दिवे. ९ इंचांच्या फळीवर टेबललॅम्प ठेवला तर मोबाईलला जागा उरत नाही, म्हणून दोन्हीकडे भिंतीवरचे. दोन सारखे, ₹१,१५० ला एक. वायरमनचे ₹७००. आधी घरात पडलेले ६५०० केल्व्हिनचे पांढरे बल्ब लावले. खोली पुन्हा दवाखाना झाली, कपाटाला जुने दिवस आठवले असतील. २७०० चे पाच वॉटचे पिवळे लावले तेव्हा सागाचा रंग उठला.

दारातून बघितलं. एका बाजूला कपाट, दुसऱ्या बाजूला नुसती फळी, तरी खोली लंगडी वाटत नाही. माथ्याची रेघ एक आहे, लाकूड एक आहे, दिवे एकाच उंचीवर आहेत. डोळा तेवढ्यावर समाधान मानतो. ती अक्रोडी जोडी बसली असती तर मी हे कधी बघितलंच नसतं.

३० मार्च, रविवार, पाडवा

खर्चाची वही. परत गेलेल्या जोडीवर बुडाले ७५०, कपाट २,२००, टेंपो ४५०, किडीचं औषध ३८०, प्लाय ३००, लाख-पॉलिश ६४०, पीयू ५२०, सुतार दोन दिवस २,४००, सागाची फळी ९००, वाया गेलेले ब्रॅकेट २८०, अँकर २४०, दिवे २,३००, वायरमन ७००. एकूण ₹१२,०६०. यातले ₹१,५५० निव्वळ चुकांचे: जोडी, पीयू, ब्रॅकेट. वेळ बारा आठवडे, त्यातले हाताने काम केलेले दिवस जेमतेम दहा. कुणाला घाईने करायचं असेल तर बाजारात जायच्या आधी खोक्यांचा आठवडा तेवढा गाळू नका.

गुढी उभारून झाल्यावर सासूबाईंनी खोली बघितली. ड्रॉवर उघडून, बंद करून, पुन्हा उघडून म्हणाल्या, “बरं आहे. पण तांब्यावर झाकण ठेवत जा.”

२२ जून, रविवार

यंदा पाऊस मे अखेरीसच आला. चार आठवड्यांच्या दमट हवेत जुना ड्रॉवर फुगून अडकला. गोळ्या आत, मी बाहेर, आणि सकाळची गोळी चुकली. जुन्या ड्रॉवरला चॅनल (धातूच्या सरकपट्ट्या) नसतात, लाकडावर लाकूड घासत चालतं. चॅनल बसवायचा विचार केला, पण त्यासाठी दोन्ही अंगांना मिळून इंचभर जागा लागते आणि तेवढा ड्रॉवर बारीक करावा लागला असता. रंधाही मारणार नाही. आत्ता तासला तर उन्हाळ्यात खुळखुळेल. ड्रॉवरच्या घासणाऱ्या कडांवर कोरडी मेणबत्ती घासली, खाली आणि बाजूंनी, दोन-दोनदा. आता सरकतो, शेवटच्या दोन इंचांना जरा उचलून.

पायाच्या भोकांखाली काळा कागद ठेवलाय, भुसा दिसावा म्हणून. अजून कोरा आहे. लाल स्टूल गॅलरीत गेलं, त्यावर तुळस आहे.